पुढचं चाक का थरथरतं?

विमान तासभर उडतं आणि मग तीन दिवस हँगरमध्ये उभं राहतं. त्या तीन दिवसांत चहा होतो, माणसं जमतात आणि किस्से साठतात. आमच्या जालन्याच्या धावपट्टीवरचं दोन सीटचं ट्रेनिंगचं विमान तर याबाबतीत फारच उदार!

यंदा त्याचं पुढचं चाक बिघडलं. शिकवणारे कॅप्टनसाहेब विमान उतरवायला लागले की ते असं थरथरायचं, की पाय पेडलवर ठरत नसत. "कवळी असती तर मांडीत पडली असती!" साहेब म्हणाले. चाक ठीक होईपर्यंत ट्रेनिंग बंद. आणि नेमकी घनसावंगीची अश्विनी पहिल्यांदा एकटीनं उडायच्या बेतात! पोरीचं तोंड बघवेना.

आमचे हेड मेकॅनिक बनसोडेमामा आणि मी त्यांचा हेल्पर. मामांना आधी बॅलन्सिंगची शंका आली. मी चाक मोटरसायकलवर बांधून नवीन जालन्यातल्या टायरच्या दुकानात नेलं. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या गाडीचं हाय?"

"विमानाचं."

त्यानं शांतपणे रस्त्यावर नजर टाकली. "विमान नो-पार्किंगमधी तर न्हाई ना लावलं?"

बॅलन्स ठीक निघाला. मग थरथर जिरवणारा तेलाचा डँपर. मामांनी सील बदलले, तेल भरलं. अश्विनीचे वडील जीपनं पेढे घेऊन आले. साहेबांनी स्वतः टेस्ट घेतली आणि थरथर कायम! वडिलांनी पेढे आमच्यापुढे ठेवले. "घ्या, खराब व्हतील. मी दुसरे आणतो." खाताना लाज वाटली, पण पेढे चांगले होते.

पुढे बुश बदलले, बोल्ट बदलले. पुन्हा साहेबांची टेस्ट, पुन्हा थरथर. मामांचं जेवणावरून मन उडालं.

तेव्हा धावपट्टीच्या कडेचं गवत कापणाऱ्या गयाबाई पाणी प्यायला आल्या. "मामा, चाकाला कामून छळून राह्यले? पोरगी उतरायची तवा मागची चाकं आधी टेकायची, फुडचं मंग हळूच. साहेबाचं फुडचंच आधी आदळतं!"

आता हे साहेबांना सांगणार कोण?

पण मामा बेरकी! "साहेब, या टेस्टला अश्विनीला उतरवू द्या. तुम्ही शेजारी बसून फक्त चाकाकडं ध्यान द्या."

तिनं तीनदा उतरवलं. एकदाही थरथर नाही! साहेबांनी खाली येऊन पुढचं चाक बुटानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "अश्विनी, आता एकटी जा."

ती गेली, फेरी मारून आली, अलगद उतरली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! वडिलांनी पेढ्यांचा नवा बॉक्स उघडला.

"हे ओळखलं कुणी?" साहेबांनी विचारलं. मामांनी गवताकडे बोट दाखवलं. साहेब पहिला पेढा घेऊन थेट गयाबाईंकडे गेले आणि स्वतःचा मान राखायला म्हणाले, "बराबर उतरली ना? मीच शिकवलंय तिला!"

गयाबाईंनी पेढा तोंडात टाकला. "मंग साहेब, सोताला कवा शिकवता?"