सहा फुटी हीरो आणि पर्सनल कूलर

नागपुरात कूलर दोन प्रकारचे असतात: भाड्याचा आणि पर्सनल. भाड्याचा उन्हाळा लागला की हातगाडीवर येतो आणि पाऊस लागला की जातो. पर्सनल म्हणजे आपला स्वतःचा. तो पावसातही जात नाही, गॅलरी अडवून बसतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'पर्सनल'ला दुसराही अर्थ असतो हे मला ऐन मे महिन्यात, पाहुणे दारात यायच्या बेतात असताना कळलं.

मी एका बांधकाम ठेकेदाराकडे इस्टिमेट काढतो. नकाशावर पट्टी ठेवायची, स्केल बघायची आणि भिंत केवढी, खिडकी केवढी, विटा किती ते सांगायचं. चित्रावरून माप काढणं हे माझं पोट आहे. त्यामुळे मापाच्या बाबतीत घरात कोणी मला शिकवत नाही. शिकवलं तरी मी ऐकत नाही!

माझी मुलगी केतकी बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिथल्याच निखिल नावाच्या मुलाचं स्थळ आलं. (कसं आलं ते आम्ही विचारलं नाही. दोघांची कंपनीची बस एकच आहे.) निखिलचे आईवडील कन्हानला असतात. त्यांचा निरोप आला, रविवारी दुपारी येतो.

"बाबा," केतकी म्हणाली, "बाकी सगळं ठरल्यासारखंच आहे. फक्त काकूंले, निखिलच्या आईले, गरम होऊ देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात एका घरी गेल्या होत्या तं तिथंच भोवळ आली. ते स्थळ तिथंच मोडलं."

"त्या पोरीचं काय चुकलं?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"तिच्या बाबांचा कूलर बंद होता."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आमचा कूलर बंद नव्हता, पण तो लोखंडी कूलर सुरू केला की गच्चीवर हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटायचं. त्याच्या आवाजात पाहुण्यांशी बोलणं म्हणजे सभेत भाषण करणं!

आणि त्याच आठवड्यात पेपरात ती जाहिरात आली. अख्खं पान निळं. पानभर उडणारे पडदे, पाण्याचे टपोरे थेंब, आणि मध्ये तो सुप्रसिद्ध हीरो, केस उडवत उभा. (नाव घेत नाही, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.) त्याचा उजवा हात ऐटीत कूलरवर टेकलेला. खाली मोठ्या अक्षरात: 'माझा पर्सनल कूलर!' ते पान इतकं थंड होतं की वाचता वाचता मी पंखा एक नंबरनं कमी केला.

आता एवढा मोठा माणूस स्वतःचा कूलर म्हणतो म्हणजे तो भाड्याचा नाही, हे उघड होतं. माप दिलेलं नव्हतं, पण मापासाठी मी होतो ना! हीरो सहा फुटी आहे हे पोरासोरांनाही माहीत असतं. मी पट्टी काढली. हीरो चित्रात बारा इंच, कूलर साडेसहा इंच. म्हणजे कूलर सव्वातीन फूट! पानाच्या तळाशी, हीरोच्या बुटाखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की वस्तूचा आकार चित्रापेक्षा वेगळा असू शकतो. तेही मी भिंग लावून वाचलं आणि दोन इंच सूट धरली. हिशेब म्हणजे हिशेब!

केतकीनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "बाबा, कूलर पुढं आहे, हीरो मागं आहे."

"हात टेकलाय त्याचा!"

"टेकल्यासारखा दिसून राहिला. त्याचे बूट पाहा कुठं आहेत अन् कूलरचे पाय कुठं आहेत."

"केतकी, मी नकाशे वाचतो," मी म्हणालो, आणि विषय संपवला. ऑर्डर दिली. वर एक फुकट भेटवस्तूही होती.

"इतका स्वस्त काहून आहे?" सुनंदानं विचारलं.

"मधले दलाल काढले ना त्यानं."

खिडकीत दोन कूलर बसत नव्हते. मी मोजलं होतं. म्हणून शनिवारी जुना कूलर कबाडीवाल्याला दिला. त्यानं तो उचलताना सुनंदा म्हणाली, "नवा येऊ तं द्या आधी."

"अवं, उद्या सकाळी येऊन राहिला तो!"

आणि तो खरंच आला. खोका माझ्या छातीएवढा उंच! माझा आनंद गगनात मावेना. "मोज," मी केतकीला म्हणालो, "मोज आता!" जिन्यातून तो वर आणताना शेजारपाजारचे दार उघडून पाहत होते, आणि मी मुद्दाम हळू चढत होतो.

खोका उघडला. आधी दोन बूट निघाले. मग पँट. मग हसरा चेहरा. पुठ्ठ्याचा हीरो, पूर्णाकृती, कमरेत घडी घातलेला! ही फुकट भेट. मी हात आणखी खाली घातला. थर्माकोल, थर्माकोल, थर्माकोल, आणि अगदी तळाशी कूलर.

सुनंदानं तो एका हातानं उचलला. माझ्या जेवणाच्या डब्यापेक्षा तो दोन बोटं कमीच होता. त्यात एक पेला पाणी मावत होतं. वायर मोबाइलच्या चार्जरला लागत होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: 'पर्सनल, म्हणजे एका व्यक्तीच्या चेहऱ्यासाठी.'

"एका चेहऱ्यासाठी," सुनंदा म्हणाली, "अन् चेहरे येऊन राहिले तीन." त्यानंतर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही.

मी गुपचूप पट्टी घेऊन हीरो मोजला. पाच फूट सात इंच. म्हणजे तो सहा फुटीसुद्धा नव्हता! केतकीचे डोळे भरले होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भाड्याच्या कूलरवाल्यांना फोन केले. "साहेब, मे महिन्यात? सब निकल गये!"

हीरोला बेडरूमच्या दारामागे उभं केलं, कारण घडी उलगडल्यावर तो परत मिटेना. पाहुणे आले. निखिल, त्याचे वडील, आणि आई, पदरानं वारा घेत. सुनंदानं कूलर येणार या भरवशावर सकाळीच तर्री करून ठेवली होती, झणझणीत. पोह्यांवर ती पडली आणि दुसऱ्या घासाला काकूंच्या कपाळावर घाम फुटला. मी टीपॉयवरचा कूलर त्यांच्या तोंडासमोर सरकवला.

निखिलचे वडील वाकून बघत म्हणाले, "रेडिओ छान आहे गा. गाणे लावून राहिले का?"

तेवढ्यात लाईट गेली! पंखा थांबला. 'रेडिओ'ही थांबला. काकू लाल झाल्या. "मी जरा तोंडावर पाणी मारून येतो वं," असं सुनंदाला म्हणून त्या आत गेल्या. बाथरूम समजून बेडरूममध्ये गेल्या, दार लोटलं, आणि किंचाळल्या.

"आतमंदी मानूस आहे!"

आम्ही सगळे धावलो. मी मनातल्या मनात स्थळ मोडून टाकलं होतं. काकू दारात उभ्या होत्या, छातीवर हात. मग त्यांनी डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे टाकलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा तं तो आहे!"

"झालं!" निखिलचे वडील म्हणाले. "हिच्या माहेरच्या कपाटाच्या दारावर हाच होता. लग्नात मी हार घालून राहिलो अन् ही म्हणे, थोडा त्याच्यासारखा हसा ना!"

पण काकू अजून लालच होत्या, आणि एका हातानं भिंत धरत होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी हीरोचं डोकं धरलं, सुनंदाला म्हणालो, "पाय धर!" आणि दोघांनी त्याला आडवा करून काकूंसमोर हलवायला सुरुवात केली. पाच फूट सात इंची पुठ्ठा! असा वारा आमच्या हेलिकॉप्टरनंही कधी दिला नव्हता. पडदे उडाले. काकूंचे केस उडाले. हुबेहूब जाहिरात!

काकू पलंगावर टेकल्या. डोळे मिटून बसल्या. मग हसू लागल्या, पोट धरून. मी घामाघूम होऊन सगळं सांगून टाकलं, पट्टी, भिंग, दोन इंचांची सूट, सगळं.

"भाऊ, थांबा आता, दम लागून राहिला तुमाले," त्या म्हणाल्या. "घर गरम असलं तं चालते. डोकं गरम नाही पाह्यजे. एवढी फजिती झाली, पन तुमच्या घरी कोनी कोनावर वरडलं नाही. आमाले पोरगी पसंत आहे."

(सकाळी कोण कोणावर ओरडलं ते त्यांना माहीत नव्हतं. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.) केतकी दारात उभी राहून रडत होती, हसत होती, आणि निखिल तिला पेलाभर पाणी देत होता. कूलरमधलं! मी तिथंच जमिनीवर बसलो, हीरो मांडीवर घेऊन. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

लग्न हिवाळ्यात झालं. काकूंच्या, म्हणजे आता विहीणबाईंच्या हट्टामुळे हीरोही रुखवतात उभा होता. परवा लग्नाचे फोटो आले. एका फोटोत मी अगदी पुढे उभा आहे आणि मागे तो. मी पट्टी काढली. हीरो पाच फूट सात, हे मी स्वतः मोजलेलं. त्या हिशेबानं माझी उंची साडेसहा फूट निघाली. दोन इंच सूट धरली तरी सहा फूट चार!

माहेरी आलेल्या केतकीला फोटो दाखवला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पुढं आहात, तो मागं आहे."

"केतकी," मी म्हणालो, "मी नकाशे वाचतो."