फिरकीची हरकत

सलूनवाल्याला सगळे फिरकीच म्हणायचे. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची फिरकी घेतल्याशिवाय त्याची कात्री चालायची नाही. दुकानाला सुट्टी असली की स्वारी गळ घेऊन तळ्यावर. तिथेही मासे कमी आणि गप्पा फार.

तळ्यातल्या मासेमारीचे नवे नियम करायचे म्हणून मत्स्य खात्याने लोकांच्या सूचना-हरकती ऐकायला सभा बोलावली. नुकतीच बदलून आलेली अधिकारी बाई समजावून सांगत होती: मासे घटलेत, तेव्हा विणीच्या दिवसांत गळ टाकायला बंदी, आणि वीतभराहून लहान मासा लागला तर परत पाण्यात. मुद्दे चोख, पण आवाज बारीक. शेजारच्याने फिरकीला कोपराने ढोसलं, "ऊठ की, तुझ्याशिवाय मजा नाही."

फिरकी उठला. "मॅडम, म्हणजे ही माशांची बाळंतपणाची रजा. पगारी की बिनपगारी?"

सभागृहात खसखस पिकली. मग गडी सुटलाच. "आणि वीत कुणाची धरायची? माझी, की माशाची?" हशा वाढत गेला तशी त्याची जीभही सैल झाली. "तुमचा स्वतःचा संसार मांडलात का हो, की माशांचीच बाळंतपणं करत बसणार?"

बाई आधी हसायचा प्रयत्न करत होती. मग समोरचे कागद उगाचच सारखे करू लागली. प्रस्ताव बारगळला. दोस्तांनी फिरकीची पाठ थोपटली.

खरं तर बाईचं म्हणणं त्याला पटलं होतं. हल्ली दिवसभर बसूनही बोटभर पिल्लांपलीकडे काही लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण लोक हसायला लागले की त्याला स्वतःला आवरता येत नसे.

काही दिवसांनी औषधवाल्याने निरोप दिला, एका आजारी म्हाताऱ्याची घरी जाऊन दाढी करायची आहे. फिरकीने बेल वाजवली. दार त्या बाईनेच उघडलं. ती क्षणभर थबकली, मग म्हणाली, "या. बाबा आत आहेत."

म्हातारा अंथरुणाला खिळलेला, पण बोलका. साबणाचा फेस लावून होतो न होतो तोच त्याने विचारलं, "तळ्याच्या सभेला होतात का हो तुम्ही? कुणीतरी आमच्या पोरीची फार टिंगल केली म्हणे. ती काही सांगत नाही, पण त्या दिवशी जेवली नाही."

"मी... नव्हतो गेलो," फिरकी म्हणाला. बाई पाण्याचं भांडं घेऊन दारातच उभी होती. भांडं ठेवलं आणि गेली.

"तुम्ही असतात तर त्याला गप्प बसवलं असतंत," म्हातारा म्हणाला.

फिरकी वस्तरा गालावरून उचलून नुसताच पुसत राहिला.

खात्याने त्याच प्रस्तावावर पुन्हा सभा घेतली. फिरकी उठला तोच लोक हसायला लागले.

"हसू नका. पोटात अंडी असलेली मादी लागली तरी मी सोडलेली नाही. बंदी हवीच. आणि मॅडमना संसारावरून बोललो, तो नीचपणा होता."

"काय झकास सोंग काढतोय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. फिरकीचे कान तापले.

"म्हणजे आपली हरकत मागे घेताय?" बाईने कोरड्या आवाजात विचारलं.

"हो."

तिने लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. विणीच्या दिवसांतली बंदी मंजूर झाली. वीतभर माशाचं मात्र राहून गेलं.

पुढच्या खेपेला म्हाताऱ्याचा एक गाल करून झाल्यावर फिरकी म्हणाला, "बाबा, मी खोटं बोललो. टिंगल करणारा मीच होतो."

म्हाताऱ्याने नजर छताकडे वळवली. "अर्धी राहिलीय," तो म्हणाला. "पुरी करा."

फिरकीने दुसरा गाल केला, तोंड पुसलं, पेटी आवरली. पुन्हा कधी येऊ, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. त्यानंतर त्या घरून निरोप आला नाही.