थेंबातल्या जीवाची तसबीर

ठाण्याच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा जाता-येता तळ्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ दिसायचे. पितळी सूक्ष्मदर्शकावर लाकडी कॅमेरा बसवून, आरशाने आत ऊन सोडून, ते पाण्याच्या थेंबातल्या जीवाची तसबीर घेत. जीव हलायचा. घरी तसबिरीची काच रसायनात धुतली की तिच्यावर नुसता धुरकट डाग निघायचा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर.

एकदा मी म्हटलं, "औषध टाकून आधी मारा की त्याला."

भिंगावरचा डोळा न काढता ते म्हणाले, "मास्तर, मेला की आक्रसून त्याचा गोळा होतो. मला तो जेवताना हवाय."

पावसाळा संपून थंडी आली. त्यांनी पिंजलेल्या कापसाचे तंतू थेंबात घालून त्या जीवाची वाट अडवली. मग एका सकाळी मला हाक मारून त्यांनी एक काच उजेडाकडे धरली. तुतारीसारखा जीव, तोंडाभोवती केसांची झालर, केस न् केस सुटा.

या तळ्याचं पाणी मी जन्मभर प्यालो होतो. त्यात कुणी राहतं, हे तेव्हा कळलं.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"आता याचा शेजारी," म्हणत ते बाटली घेऊन पायऱ्या उतरू लागले.