रुख्माची सूज उतरली

"हिले काई झालं नाई, मॅडम. हिले काम नको, बस!" रुख्माची सासू माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली. रुख्मा स्टुलावर बसली होती. बोटं टम्म सुजलेली, मूठ मिटत नव्हती. नवरा भास्कर दारातच उभा.

मी रिसोडला फिजिशियन आहे. यांचा भाजीचा मळा केनवडच्या बाजूला. अशा घरात सुनेचं दुखणं एकाच गोष्टीवरून ठरतं: उजाडायच्या आत ती मेथी-पालकाच्या जुड्या बांधते की नाही. हर्राशी, म्हणजे भाजीचा लिलाव, सकाळीच असतो. आणि हा मेला आजार नेमका सकाळीच हात आखडून टाकतो. दुपारी बोटं जरा सुटतात, तोवर घरात शिव्या खाऊन झालेल्या असतात.

"झोप लागते का गं?"

"नाई."

"जेवण?"

"गोड लागत नाई. जगून काय करू, असं वाटून राह्यलं." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती म्हणाली.

तपासण्या केल्या. संधिवात निघाला, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते, तो. सीआरपी म्हणून रक्ताची एक तपासणी असते. अंगात सूज किती, ते तिच्यावरून कळतं. ती भलतीच वाढलेली होती.

मी भास्करला आत बोलावलं. "ताप आला की तू काय करतोस?"

"पडून राह्यतो."

"बोलावंसं वाटतं? जेवावंसं?"

"कायचं!"

"अंगातली सूज मेंदूपर्यंत निरोप पोचवते, म्हणून तसं होतं. तुझा ताप उतरतो, तू सुटतोस. हिची सूज उतरतच नाही."

सगळ्यांचं असं होत नाही, आणि उदासीला तेवढं एकच कारण नसतं, हेही बजावलं. म्हणून औषधं दोन. एक सांध्यांचं, एक मनाचं. शिवाय वाशीमच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं, तिला एकटं सोडायचं नाही.

"मंग येडी झाली म्हना ना!" सासू.

"तुमच्या घरात राहिले तर मीही होईन," मी म्हणाले. भास्कर हसला. रुख्मा हसली नाही.

सांध्यांच्या औषधाचा हळूहळू गुण आला. एक दिवस सासूबाईंनी पिशवीतून मेथीची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "पाहा, हिनंच बांधली! कशी घट्ट हाय!" सीआरपीही नॉर्मल आली होती. सूज उतरली की काहींचं मनही सावरतं. रुख्माचंही सावरेल, अशी मला फार आशा होती. पण ती तशीच बसली होती, भिंतीकडे बघत.

"मनाची गोळी चालू आहे ना?"

"केवाच बंद केली," सासू म्हणाली. "तुमीच तं म्हनलं, सुजेनं होते. आता सूज नाई, तं गोयी कायले?"

माझं डोकंच फिरलं. दोन औषधं सांगितली होती, यांनी सोयीचं तेवढं ऐकलं. वाशीमलाही गेले नव्हते. सासूला आणि भास्करला बाहेर बसवलं आणि रुख्माला विचारलं, "तुला कसं वाटतं?"

"मॅडम, सूज होती तवाच बरं होतं," ती म्हणाली. "कोनी तरी हात हातात घेऊन पाहे."

मी तिचे हात धरले. ते आता अगदी सरळ, सडसडीत होते.

पुन्हा औषधं लिहून दिली. भास्करला रागावून झालं, हात जोडून झालं, नंतर फोनही केले. "हो मॅडम, आनतो तिले." आणलं नाही. पुढे फोन उचलणंही बंद केलं. केनवडची एक पेशंट सांगते, रुख्मा मळ्यात सगळ्यांत झटपट जुड्या बांधते, कोणाशी बोलत नाही. घरचे खूश आहेत. सून सुधारली म्हणतात.

तेव्हापासून रिपोर्ट नॉर्मल आला तरी मी घरच्यांचं अभिनंदन करत नाही. आधी पेशंटला एकटं बसवून विचारते. रुख्मालाही विचारलंच होतं. तिनं खरं सांगितलं, आणि काहीच झालं नाही.