व्हर्नाकाकूंनी ठोठावलेली दारं

व्हर्नाकाकू टॉलेफसन बोलायला लागल्या की जुनी बस चढ चढतेय असं वाटायचं. आधी घरघर, मग एक धक्का, मग अख्खं वाक्य एका दमात. शाळेची बस त्यांनीच चालवली, आमच्या आईबापांपासून आमच्यापर्यंत. कोणाच्या अंगणात कुत्रं मोकळं असतं, कुठल्या घरात नवराबायको अबोला धरून बसलेत, सगळं पाठ.

म्हणून कर्टिस ब्रँडम्यूल प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा आमच्या भागातला प्रचार काकूंकडे जाणार हे ठरवावंही लागलं नाही. कर्टिस गुरांचा डॉक्टर. लहानपणी काकूंच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून ओकायचा, आणि मत मागताना काकू हे दारोदार सांगत होत्या.

राज्याच्या राजधानीतून, मॅडिसनहून, प्रचार कार्यालयातली एक मुलगी नकाशा घेऊन आली होती. तिचं प्रत्येक वाक्य शेवटी जिना चढायचं. मतदारसंघाच्या रेषा ना, जनगणनेनंतर ना, थोड्या हलल्यात ना.

काकूंनी घरघर केली. "पोरी, हे रस्ते तू मला दाखवणार? या रस्त्यांनी माझ्या कमरेची वाट लावलीय." नकाशा कॉफीच्या थर्मासखाली गेला तो तिथंच राहिला.

रेषा आता ओढ्यावरून गेली होती. आम्ही ओढ्याच्या अलीकडचे सातव्या मतदारसंघात गेलो होतो. कर्टिस उभा होता तिसऱ्यात, म्हणजे पलीकडे. काकूंनी मात्र अलीकडचंच एकेक दार ठोठावलं, प्रत्येक अंगणात त्याच्या नावाची पाटी रोवली. घरी भाजलेले, आत सफरचंदं भरलेले गोड ॲपल-पाय वाटले. पलीकडची माणसं काय, आपलीच, तिकडे सवड झाली की जाऊ, असं म्हणत ती सवड काही झाली नाही. आणि आमच्यापैकी एकालाही शंका आली नाही, कारण काकू रस्ता चुकल्या असं आजवर कधी घडलंच नव्हतं.

मंगळवारी मतदान. सकाळची धार काढून हार्लन गोएट्श सगळ्यांच्या आधी मत देऊन बाहेर आला, आणि काकू गाडीतून उतरत होत्या तिथं जाऊन उभा राहिला. हार्लन बोलतो तो तोंडात गवताची काडी असल्यासारखा.

"व्हर्ना, तुझा डॉक्टर मतपत्रिकेवर नाहीये."

"चष्मा लाव."

"लावूनच बघितलं. आपण सातव्यात म्हणे. तो तिसऱ्यात."

काकूंचा एक पाय अजून गाडीतच होता. तो खाली यायला फार वेळ लागला.

बुधवारी सकाळी रेडिओवाल्यानं राज्यातले सगळे मतदारसंघ गुरांच्या लिलावासारखे नाकातून वाचले. पहिला, दुसरा, ज्याचे त्यानं राखले. तिसऱ्यात कर्टिस पडला होता. फरक एवढा किरकोळ की तेवढी माणसं आमच्या शाळेच्या जिममध्ये मावून वर नाचायला जागा उरली असती.

काकूंनी त्याच दिवशी सगळ्या पाट्या स्वतः उपटल्या. मान खाली घालून, कोणाच्याही खिडकीकडे न बघता. पेंडीच्या दुकानात बाप्ये म्हणाले, पुढच्या वेळी शेजारच्या इलिनॉय राज्यातही दारं ठोठावा, तिथली माणसं गोड असतात. एरवी काकूंनी त्यांची सालं काढली असती. त्या पोतं उचलून निघून गेल्या.

शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खायला क्लबात जमतं. न गेलं तर तोंड लपवलं म्हणतात. काकू आल्या, पण कोट न काढता बसल्या. कर्टिस टेबलाटेबलाशी जाऊन आभार मानत होता. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. जो तो म्हणत होता, हे काकूंनीच सांगायचं. त्यानं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की या बाईनं माझ्यासाठी एक दार सोडलं नाही. आम्ही सगळे आपापल्या ताटातल्या कोबीकडे बघत बसलो.

"ओढ्याच्या अलीकडची," काकू म्हणाल्या. घरघर नाही, धक्का नाही. "सगळी अलीकडची ठोठावली, कर्टिस. त्यांच्या मतपत्रिकेवर तू नव्हतास. नकाशा दिला होता, मी उघडला नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं उमेदवाराचं हसू आधी तसंच राहिलं, मग गळून पडलं.

"आणि पलीकडे? माझ्या बाबांचं घर आहे त्या रस्त्याला?"

"कोणीच गेलं नाही."

त्यानं मान हलवली. हात खांद्यावरून काढला, अगदी हळू, त्यांना लागू नये म्हणून काढावा तसा. मासे न खाताच निघून गेला.

शनिवारी काकूंची गाडी ओढ्यापलीकडे गेली. पहिलं घर ऑर्विल स्टेन्सबर्गचं. कर्टिसनं त्याच्या गाई वाचवल्या होत्या. ऑर्विलनं दार उघडलं, काकूंच्या हातातला ॲपल-पाय बघितला.

"निवडणूक झाली की, व्हर्ना."

"माहितीये. मी तुझ्याकडे यायला हवं होतं, ते सांगायला आलेय."

ऑर्विल दाराच्या चौकटीला टेकला. मंगळवारी मका काढायचा होता, म्हणाला, आणि जा म्हणणारंही कोणी आलं नाही, मग मत द्यायचं राहूनच गेलं. ॲपल-पाय मात्र त्यानं घेतला.

काकू पुढच्या घराकडे वळल्या. त्या रस्त्याला घरं पुष्कळ आहेत.