कावळा शिवला म्हणून

गुरम्मा कडक भाकरी करून विकते. नवरा गेल्यावर सोलापुरातलं ते घर तिनं एकटीच्या बळावर चालवलं. बोलायला पहिल्यापासून फटकळ.

वैशाखात ती भाकऱ्या वाळवायला गच्चीवर गेली. शेजारच्या कडुलिंबावर काटक्यांचं आणि तारांच्या तुकड्यांचं घरटं होतं. कावळ्यांची जोडी दिवसभर पिल्लांना भरवायची. त्यातलं एक, अजून उडता न येणारं, गच्चीवर पडलं होतं. आ वासला की तोंड आतून लालभडक. गुरम्मा जवळ गेली, तशी राखाडी मानेची कावळी मागून आली आणि तिच्या डोक्यात चोच मारून गेली. रक्त आलं.

खाली दीर सोमशेखर बसला होता. त्याचा चेहराच उतरला. "वैनी, कावळा शिवला! लई वाईट असतंय."

"पिल्लू पडलंय तिचं. मारणारच की," म्हणत गुरम्मानं जखमेवर हळद दाबली.

सोमशेखरनं मात्र गुपचूप तिच्या माहेरी, वळसंगला, फोन लावला. कावळा शिवलेल्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी द्यायची, नातेवाईक रडले की संकट टळतं, असं त्यानं ऐकलं होतं.

दुपारी दारात रिक्षा थांबली. गुरम्माचे वडील शिवप्पा उतरले, अनवाणी. काखेत कोरी साडी. मेलेल्या लेकीच्या अंगावर घालायची माहेरची शेवटची साडी. दार गुरम्मानंच उघडलं. म्हातारा उंबऱ्यातच खाली बसला. "मगळे, मगळे," अशी कानडीत लेकीला हाक मारत राहिला.

गुरम्मानं त्यांना पाणी पाजलं, आत निजवलं, आणि मग तिचा आवाज गल्लीभर गेला.

"भावजी, बाहेर या!"

"तुमच्या भल्यासाठीच केलं, वैनी..."

"माझ्या भल्यासाठी माझ्या बापाला मारताय व्हय? या उन्हात वाटेत त्यांचं काय झालं असतं? पाखरू पिल्लासाठी चवताळतंय. तुमाला काय झालं होतं?"

बापानं आणलेली तीच साडी ती तणतणत नेसली. शेजारणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. डोक्यावर पातेलं पालथं घालून ती गच्चीवर गेली, पिल्लू टोपलीत घेतलं आणि टोपली फांदीला बांधली. पातेल्यावर चोची वाजत होत्या.

संध्याकाळी तिनं सोमशेखरला वळसंगला पाठवलं. "घरोघर जा. खोटं बोललो म्हणून सांगा. न्हाईतर मी येऊन सांगते."

तो गेला. पहिल्याच घरात गुरम्माच्या चुलतीनं, नागव्वानं, त्याचं ऐकून घेतलं. रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. पुढच्या घराकडं बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं.