गिधाडांसाठी ठेवलेला बैल

अंजूरला आमच्याकडे बैल मेला की पुरत नसत. खाडीकडच्या माळावर नेऊन ठेवायचा, गिधाडं उतरायची आणि दुपारपर्यंत सगळं आटोपायचं. जन्मभर ज्याने आपल्याला खाऊ घातलं, त्याने जाताना आणखी कुणाचं पोट भरावं, असं बाबांचं म्हणणं. मला मेलीला किळस यायची. बोडक्या मानेची, भांडकुदळ पाखरं ती, त्यांचं कसलं आलंय कौतुक! बाबा मात्र लांब बांधावर बसून राहायचे आणि सगळं उरकलं की घरी येऊन आंघोळ करून जेवायचे.

दोन हजार सालानंतर गोदामं आली. शेतं भरावाखाली गेली, गिधाडं बसायची ते उंच ताड पडले. त्याच सुमारास आमचा थोरला बैल गेला. बाबांनी त्याला शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने माळावर नेलं आणि वाट बघत बसले. आभाळात एक ठिपका दिसेना. दुसऱ्या दिवशी कुत्री आली. गोदामाचा वॉचमन नाकाला रुमाल लावून ओरडायला लागला, "चाचा, उठाओ इसको, पार्टी आनेवाली है!" शेवटी बैल पुरावा लागला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झाडं गेली हे आहेच, पण खरा घात दुखण्यावरच्या इंजेक्शनने केला. ते टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं. बाबांचा चेहरा पडला. आमचा बैल लंगडताना बघवत नाही म्हणून दर वेळी तेच इंजेक्शन त्यांनी मागून घेतलं होतं. मला तर असा संताप आला! कुणावर काढायचा तेच कळेना. मायेने दिलेलं औषध होतं हो ते.

वर्षभरात धाकटा बैल बसला. गुडघे सुजले, उठता येईना, सारखा कण्हायचा. डॉक्टर आले तर बाबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

आई भडकली. "डोकं फिरलंय काय तुमचं? मुका जीव कळवळतोय. आन् गिधाडं हायेत कुठं आता?"

"न्हाईत," बाबा म्हणाले. "पन एखादं कुठं र्‍हायलं आसंल त?"

ते बैलाचे गुडघे शेकत बसले. शेकताना रडत होते. बैल आमच्याकडे बघायचा, आणि मला तिथे उभं राहवायचं नाही.

तो गेला तेव्हा माळावर मीही गेले, बाबांशेजारी बसले. मागे कंटेनर हॉर्न मारत होते. बाबा मान वर करून बघत होते, आणि मी, जिला किळस यायची ती, मनात विनवत होते, ये ना रे मेल्या, एकटा तरी ये. याच्या अंगात विष नाही रे, लई सोसलंय त्याने तुझ्यासाठी.

कुणीच आलं नाही. ऊन कलल्यावर बाबा उठले आणि खड्डा खणू लागले.